जिन्याखालची नकाशांची पेटी

ताई,

तुमच्या पत्रात चार काळज्या आहेत, पण माझे मन पहिल्याच वाचनात एका परिच्छेदापाशी अडकले आणि अजून तिथेच आहे. तुम्ही लिहिता, “यजमानांनी कागदी नकाशांची मोठी पेटी जिन्याखाली ठेवली आहे आणि या लहान घरात मला ती जागा हवी आहे. सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत. ते रोज संध्याकाळी फुटबॉल विश्वचषकातल्या त्याच त्या जुन्या सामन्यांबद्दल बोलतात. बारा वर्षांचा मुलगा फोनवर निकाल शोधून त्यांना दुरुस्त करतो आणि मग ते गप्प होतात. पेटी टाकून दिली तर चालेल का?”

नाही, चालणार नाही. जागेची अडचण मला कळते. आपण सगळ्यांनीच दोन बॅगांमध्ये संसार कोंबून घर सोडले आहे आणि पुढे दर घरबदलाला काय ठेवायचे यावरून भांडलो आहोत. पण तुमच्या घरात बोलायला उत्सुक आजोबा आहेत, शोधायला उत्सुक नातू आहे आणि दोघांच्या मधोमध ठेवता येईल अशी वस्तू जिन्याखाली पडून आहे; हे तुमच्या लक्षात येऊ नये, याबद्दल मला तुमच्यावर थोडे रागवावेसे वाटते.

मुलाची चूक समजून घ्या. त्याला वाटते की सामन्याची आठवण म्हणजे निकाल, आणि निकाल फोन अधिक अचूक सांगतो. पण २२ जून १९८६ चा अर्जेंटिना-इंग्लंड सामना तुमच्या सासऱ्यांना आठवतो तो नुसता २-१ म्हणून नव्हे. युरोपातील प्रेक्षकांना संध्याकाळी पाहता यावा म्हणून तो मेक्सिको सिटीत भर दुपारी बारा वाजता सुरू झाला, आणि त्या क्षणी भारतात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. अर्जेंटिनाचा मॅराडोना धावत होता तो त्या उन्हात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर. जगाचा नकाशा जमिनीवर पसरा, दर १५ रेखांशांना एक तास हा हिशेब मुलाला करू द्या, मेक्सिकोतल्या पठाराचा तपकिरी रंग त्याला बोटाने दाखवा, आणि मग आजोबांना विचारा की त्या रात्री घरात कोण कोण जागे होते. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फोनकडे नाही.

तुमची दुसरी तक्रार अशी की, “त्यातले बरेच नकाशे इतके जुने आहेत की आता खोटेच झाले आहेत.” ताई, नेमके तेच नकाशे आधी बाहेर काढा. १९९० च्या इटलीतील विश्वचषकात पश्चिम जर्मनी, सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया आणि चेकोस्लोव्हाकिया हे चारही संघ खेळले होते. पश्चिम जर्मनीने ८ जुलैला रोममध्ये अंतिम सामना जिंकला आणि तीन महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबरला, दोन्ही जर्मनी एक झाल्या. उरलेले तिन्ही देश १९९३ उजाडेपर्यंत फुटले होते. युगोस्लाव्हियाचा संघ तर १९९२ च्या युरोपीय स्पर्धेसाठी पात्र ठरूनही यादवी युद्धामुळे बाहेर ठेवला गेला, ऐनवेळी त्याच्या जागी डेन्मार्कला बोलावले, आणि डेन्मार्क विजेता होऊन परतला. तुमचे सासरे “युगोस्लाव्हिया” म्हणतात तेव्हा मुलगा हसतो, असे तुम्ही लिहिले आहे. १९९० पूर्वी छापलेला नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी शेजारी अंथरा. आजोबा कोणत्या देशाबद्दल बोलत होते हे त्याला दिसेल आणि त्याचे हसू आपोआप थांबेल.

मग त्याला रॉबर्ट प्रोसिनेच्कीबद्दल सांगा. हा खेळाडू परदेशी कामाला गेलेल्या आईवडिलांच्या पोटी पश्चिम जर्मनीत जन्मला आणि लहानपणीच त्यांच्याबरोबर युगोस्लाव्हियात परतला. १९९० च्या विश्वचषकात त्याने युगोस्लाव्हियासाठी गोल केला आणि १९९८ साली फ्रान्समध्ये क्रोएशियासाठी. त्या वर्षी क्रोएशिया तिसरा आला. “तू नक्की कुठला?” या प्रश्नाने तुमचा मुलगा शाळेत हैराण होतो, असे तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिले आहे. मला वाटते, त्या ओळीचे उत्तर तुमच्या पेटीत आहे. जन्माचा देश एक, पहिल्या संघाचा देश दुसरा, शेवटच्या संघाचा तिसरा, आणि पहिले दोन त्या नावांनी आजच्या नकाशावर नाहीत. तरीही तो माणूस मैदानावर खेळत राहिला. हे बारा वर्षांच्या मुलाला व्याख्यानातून सांगू नका, त्याला पेन्सिलीने रेघा ओढू द्या.

पेन्सिलीवरून माझ्या वडिलांची गोष्ट सांगते. त्यांच्याकडे युरोपचा घडीचा नकाशा होता आणि १९९० साली प्रत्येक सामन्यानंतर ते त्या शहरावर बारीक अक्षरांत तारीख लिहीत. पुढे वय झाल्यावर ते ठामपणे सांगू लागले की कॅमेरून आणि इंग्लंड यांचा उपांत्यपूर्व सामना रोममध्ये झाला. माझा भाऊ नाही म्हणाला, आवाज चढले, आणि शेवटी नकाशा उघडला. नेपल्सवर त्यांच्याच अक्षरात १ जुलै लिहिलेले होते. ते बराच वेळ त्या अक्षराकडे पाहत राहिले आणि मग कॅमेरूनच्या ३८ वर्षांच्या रॉजर मिलाबद्दल, जादा वेळेत पेनल्टीवर ३-२ ने हुकलेल्या त्या सामन्याबद्दल तासभर बोलले. नातवाने दुरुस्त केले असते तर ते गप्प झाले असते; स्वतःच्या अक्षराने दुरुस्त केल्यावर मात्र त्यांना अधिकच आठवू लागले. तो नकाशा मी एका घरबदलात रद्दीत दिला. तुमचे पत्र वाचताना माझा जीव कळवळला तो याचसाठी.

तेव्हा असे करा. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक सामना आणि एक नकाशा ठरवा. बोलायचे आजोबांनी, शहर शोधायचे मुलाने, आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत. कोपऱ्यात छापलेले वर्ष आधी वाचायला लावा. फाटलेल्या घडीला साधी चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. पातळ कागद खळीने मागून चिकटवा. पेटी ओलीपासून आणि उन्हापासून दूर असू द्या. जागा हवी असेल तर नकाशे सपाट करून पलंगाखाली सरकवा, जिना मोकळा होईल.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. यजमान गाडीत नकाशा उघडून रस्त्यावरून वाद घालतात, तर गाडी चालवताना फोनचे ऐका आणि निघण्यापूर्वी घरी नकाशा पाहा. मुलाचे मराठी कच्चे आहे, ते या संध्याकाळांत आजोबांमुळे सुधारेल. वेगळ्या शिकवणीची घाई नको. मुलीला फुटबॉल आवडत नाही, तर नसू दे, तिला अंतरे मोजायला दोरा द्या.

सासऱ्यांच्या परतीला सात आठवडे उरले आहेत, असे तुमच्याच पत्रात आहे, म्हणजे फार तर सात सामने. पेटी या शनिवारी उघडा, आणि पहिला कोणता निवडला ते मला कळवा.