कॉम्प्युटेशनल फिजिक्स हे 'खरं' फिजिक्स नाही का? पीएच.डी. थिअरीत करावी की कॉम्प्युटेशनमध्ये?

कोण म्हणालं हो तुम्हाला हे? नाव नका सांगू, पण सर पन्नाशीच्या पुढचे असणार आणि त्यांनी शेवटचा प्रोग्राम फोरट्रानमध्ये लिहिला असणार, तोही दुसऱ्याकडून लिहवून घेतलेला.

तुम्ही लिहिलंय की ग्वाल्हेरलाच एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू आहे, पुढे पीएच.डी. करायचीय, आणि डिपार्टमेंटमध्ये ऐकवतात की कागद-पेनवाली थिअरी तेच फिजिक्स, बाकी सगळं नुसतं बटण दाबणं. मी पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलीच, जनकगंजात वाढले, आणि हेच वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी अर्धं म्हटलं तर उरलेलं मीच पूर्ण करते.

माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आमच्या सरांनी (कुठले ते जाऊ द्या, इथलेच, आमच्या काकांच्या ओळखीचे) आयझिंग मॉडेल दिलं होतं. आयझिंग म्हणजे थोडक्यात जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक छोटं चुंबक, त्याला स्पिन म्हणतात, ते वर किंवा खाली तोंड करून उभं, आणि शेजारच्यांचा त्याच्यावर परिणाम. चौकोनी जाळीवर सगळेच करतात, मेट्रोपोलिसचा मॉन्टे कार्लो (रँडम आकडे वापरून स्पिन उलटवत बघायची पद्धत) लिहायचा, क्रिटिकल टेंपरेचर, म्हणजे ज्याच्या खाली स्पिन एका दिशेला लागतात ते, २.२६९ च्या आसपास आलं की ऑनसागरच्या कागदावर काढलेल्या १९४४ च्या उत्तराशी जुळलं म्हणून खूश व्हायचं आणि फाइल बाइंड करायला टाकायची. माझं ते लवकर झालं. मग मला खाज सुटली म्हणून मी त्रिकोणी जाळी घेतली आणि शेजाऱ्यांमधल्या परिणामाचं चिन्ह उलटं केलं, म्हणजे अँटीफेरोमॅग्नेट, प्रत्येक स्पिनला शेजारच्याच्या उलट उभं राहायचंय. आता एका घरात तीन जावा आहेत आणि प्रत्येकीला बाकी दोघींच्या विरोधात मत द्यायचंय, पण मतं दोनच आहेत, हो किंवा नाही, तर कुठल्या तरी दोघींचं एकमत होणारच, इलाज नाही. फिजिक्समध्ये ह्याला फ्रस्ट्रेशन म्हणतात. त्यामुळे ही सिस्टीम कितीही थंड केली तरी एका ठरलेल्या रचनेत बसत नाही, सगळ्यात कमी एनर्जीच्या असंख्य रचना शिल्लक राहतात आणि शून्य टेंपरेचरलाही एंट्रॉपी (किती रचना शक्य आहेत त्याचं माप) शून्य होत नाही. मीन फील्ड (शेजाऱ्यांचा फक्त सरासरी परिणाम धरणारं सोपं गणित) लावून बसलात तर ते बिनधास्त सांगतं की अमुक टेंपरेचरला ऑर्डर, म्हणजे ठरलेली रचना, येणार. येत नाही. कधीच येत नाही.

ती उरलेली एंट्रॉपी मला काढायची होती. मॉन्टे कार्लोतून एंट्रॉपी सरळ मिळत नाही, ती फिरून काढावी लागते: अतिशय गरम असताना दर स्पिनमागे नॅचरल लॉग दोन, म्हणजे ०.६९३ असते हे माहीत आहे, तिथून हळूहळू थंड करत यायचं, प्रत्येक टेंपरेचरला सरासरी एनर्जी नोंदवायची आणि मग बेरीज. म्हणजे एक रन नाही, रनांची रांग. आणि हे सगळं मे महिन्यात, ग्वाल्हेरचा मे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, माडीवरच्या खोलीत, असेंबल केलेला पीसी, त्याचं झाकण काढून समोर कूलर लावलेला आणि त्यावरून आईची रोजची कटकट की कूलर माणसांसाठी असतो. लाईट गेली की रन मेला. शेवटी मी कोडमध्ये दर थोड्या वेळाने सगळ्या स्पिनची अवस्था फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय केली, लाईट आली की तिथूनच पुढे. (हे पहिल्या दिवसापासून करा, मोठ्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या कम्प्युटरांवर) पण करा, तिथे लाईट जात नाही पण वेळेची मर्यादा संपली की जॉब मारतात.)

उत्तर आलं ०.३२३. प्रेझेंटेशनच्या दिवशी सरांनी कपाटातून एक पिवळी पडलेली झेरॉक्स काढली, वानियेचा १९५० चा पेपर, ज्यात हाच प्रश्न कागदावर एक्झॅक्ट सोडवलाय, आणि त्यात छापलेला आकडा ०.३३८३. सगळ्यांसमोर म्हणाले, "देखो बेटा, कम्प्युटर को जो खिलाओगे वही निकालेगा. कागदावर करतात त्याला फिजिक्स म्हणतात." हशा पिकला. मी तेव्हा काही बोलले नाही, पण फरक जवळजवळ पाच टक्के होता आणि माझ्या एरर बार्स (आकड्यातल्या संभाव्य चुकीची मर्यादा) त्याच्यापेक्षा खूपच लहान होत्या, आणि तोच कोड चौकोनी जाळीवर ऑनसागरशी जुळत होता. मग चुकतंय कुठे?

घरी आले आणि त्याच झेरॉक्समधलं सूत्र घेतलं. सोपं आहे, शून्यापासून पाय (π) भागिले तीनपर्यंत लॉग ऑफ टू कॉस ओमेगाचं इंटिग्रल, बाहेर दोन भागिले पाय. सिम्पसनचा नियम (इंटिग्रल भाग पाडून अंदाजे काढायची रीत), चारच भाग केले, कॅल्क्युलेटर आणि वहीचं मागचं पान. ०.३२२९. भाग वाढवले की ०.३२३१ वर थांबतं. म्हणजे वानियेचं सूत्र एकदम बरोबर, माझा मॉन्टे कार्लो बरोबर, आणि चूक होती ती फक्त सूत्रातून काढलेल्या आकड्यात. नंतर शोधलं तर कळलं की त्याची दुरुस्ती रीतसर छापलेली आहे, पण ती छापून यायला १९७३ उजाडलं होतं. आमच्या सरांच्या कपाटात दुरुस्ती पोचलीच नव्हती.

वही घेऊन मी गेले सरांकडे. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, छपाईची चूक असेल. विषय संपला. आजही गणपतीत काकांकडे आरतीला येतात तेव्हा मला "आमची कम्प्युटरवाली" म्हणूनच ओळख करून देतात.

म्हणून मला हा खरं-खोटं फिजिक्सचा वाद ऐकला की डोकं फिरतं. आपण बोलतोय कशाबद्दल? १९६४ साली अनीसुर रहमान ह्यांनी, आपल्या हैदराबादचे, ८६४ आर्गॉन अणू कम्प्युटरवर हलवून द्रव आर्गॉन कसा वागतो ते दाखवलं, ते काय टायपिंग होतं? फर्मी, पास्ता, उलाम आणि मेरी त्सिंगू ह्यांनी १९५० च्या दशकात स्प्रिंगांची साखळी मशीनवर सोडली, सगळ्यांना वाटलं होतं एनर्जी सगळीकडे वाटली जाईल, ती फिरून बहुतेक परत पहिल्याच मोडमध्ये (कंपनाच्या प्रकारात) आली, आणि त्यावर कागद-पेनवाले पुढे कित्येक वर्षं डोकं खाजवत होते. प्रोग्राम लिहिणाऱ्या त्सिंगूबाईंचं नाव त्या मॉडेलच्या नावात बरंच उशिरा घालायला लागले, ती आणखी वेगळी गोष्ट.

आता उलट बाजू, कारण नुसती एक बाजू घेतली तर सर म्हणतील बघा. क्वांटम स्पिन घ्या, जे एकाच वेळी वर आणि खाली दोन्हीच्या मिश्रणात असू शकतात. वीस स्पिनची पूर्ण अवस्था साठवायला सोळा एमबी लागतात, तीसला सोळा जीबी, चाळीसला सोळा टेराबाइट. दर एका स्पिनमागे मेमरी दुप्पट. पन्नासच्या पुढे कुठलाही सुपरकम्प्युटर आणा, तो हात वर करतो, आणि मग तुम्हाला बसून विचारच करावा लागतो की ह्यातलं काय टाकून दिलं तरी चालेल. हा विचार कागदावरच होतो. आणि बटण दाबणारे लोक आहेत, हेही खरं. क्वांटम एस्प्रेसो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कुठलं तरी मटेरियल टाकायचं, बँड स्ट्रक्चर (त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या एनर्जीचा आलेख) काढायचं, पेपर पाठवायचा. एलडीए ह्या साध्या अंदाजी पद्धतीने सिलिकॉनचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी एनर्जी) निम्म्याच्या आसपास येतो, खरा १.१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर आहे, आणि हे माहीत नसलेले लोक तिसऱ्या दशांशापर्यंत गॅप छापतात. अशा ठिकाणी सर बरोबर. पण तिथे दोष कम्प्युटरचा नाही.

तुमचा प्रश्न राहिलाच, कुठलं घ्यावं. विषय बघून नका घेऊ, गाइड बघून घ्या. मुलाखतीला गेलात की त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन विचारा की कोडचं उत्तर बरोबर आहे हे तुमच्याकडे कसं तपासतात. जो म्हणेल पब्लिश झालेल्या आकड्याशी जुळवतो, तिथून निघा. जो म्हणेल आधी सोप्या केसवर चालवतो जिथे हाताने सोडवता येतं, तिथे थांबा. जेस्ट, नेट, गेट ह्या पीएच.डी.साठीच्या तिन्ही परीक्षा द्या, एकावर राहू नका, आणि जेआरएफ (संशोधनाची सरकारी फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहेत, घरच्यांना सांगायला तो आकडा कामाला येतो. शुद्ध कागद-पेनवरच जगायचं असेल तर स्ट्रिंग थिअरी किंवा मॅथेमॅटिकल फिजिक्सकडे जा, चेन्नईची आयएमएससी, प्रयागराजची एचआरआय, बेंगळुरूची आयसीटीएस ह्या संस्था आहेत, पण तिथली मंडळीसुद्धा मॅथेमॅटिका (गणिताचं सॉफ्टवेअर) उघडून बसलेली असतात, विचारा त्यांना.

हे सगळं मी स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सवाल्याच्या बाजूने बोलतेय, हाय एनर्जीवाले (मूलकणांवर काम करणारे) कदाचित वेगळं सांगतील. आणि कोडिंगचा खरंच तिटकारा असेल, नुसतं सरांनी म्हटलं म्हणून नाही, तर कॉम्प्युटेशनमध्ये येऊ नका, पाच वर्षं स्वतःचा आणि गाइडचा जीव खाल. तिटकारा नसेल तर एक रविवार काढून त्रिकोणी जाळी चालवा, साध्या लॅपटॉपवर होतं. वरचं इंटिग्रल पण हाताने करून बघा. ०.३३८३ आलं तर मला कळवा, मी स्वतः पेढे घेऊन सरांच्या घरी जाईन.