मावशीचा साडेआठचा फोन

पत्र:

ताई, आमचं गाव सांगोला तालुक्यात. आई 52 वर्षांची. शाळेत पोषण आहाराची खिचडी करते आणि भजनी मंडळात गाते. शाळेतल्या गुरुजींनी तिचा व्हिडिओ पाठवला आणि एका वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेत तिची निवड झाली. पहिल्या भागात ती स्टेजवर आली तेव्हा मागची पोरं हसत होती. गायला लागली तसे परीक्षक उभे राहिले. अचानक प्रसिद्धी आली, आणि तेव्हापासून घराला घर राहिलं नाही. यूट्यूबवाले सकाळी सातला दारात येतात. चुलीपुढं बसवून गायला लावतात, वडील कसे गेले ते विचारून तिला रडवतात. लोक तिच्या दातांवर, साडीवर काहीबाही लिहितात. तिला त्रास नको म्हणून दीड महिना तिचा फोन मीच सांभाळतो. अथणीची मावशी रोज साडेआठला फोन करते. आधी दोघी अर्धा-अर्धा तास अभंग म्हणत बसायच्या. आता लाइन अडकून वाहिनीचा फोन लागत नाही, म्हणून मावशीला 'आई झोपलीय' असं सांगावं लागतं. आई हल्ली बोलत नाही, नीट जेवत नाही. मागच्या शूटिंगला तिचा वरचा सूर लागला नाही. पुढचं शूटिंग तीन आठवड्यांनी आहे. तिला स्पर्धेतून काढू का? मीडियाला कसं आवरू?

— एक मुलगा

उत्तर:

बाळा, यूट्यूबवाल्यांवर, परीक्षकांवर, दातांवर लिहिणाऱ्यांवर तू भरभरून लिहिलंस. मावशीला मात्र वाहिनीच्या फोनच्या आड येणारी अडचण म्हणून उरकलंस. मी तिथंच थांबले आहे.

आई साडेआठला झोपलेली नसते. ती जागी असते आणि फोन वाजतो तो तिला ऐकू येतो. घर केवढं आहे तुमचं? तू फोन घेऊन अंगणात जातोस, हळू आवाजात दोन शब्द बोलतोस आणि परत येतोस. दीड महिना ती हे रोज ऐकते आहे. ती बोलत नाही, असं तू मला पत्रात लिहितोस. तिचं बोलणं त्या फोनवर व्हायचं. तो तू तुझ्या खिशात घातलास.

तिला त्रास होऊ नये म्हणून केलंस, हे मला कळतं. तरी ते चूक आहे. आज रात्री सव्वाआठला फोन तिच्या हातात दे. मावशीच्या फोनची वाट पाहू नको, तिलाच नंबर लावायला सांग. मग अर्धा तास खोलीबाहेर जा, दार ओढून घे. दारापाशी बसून रेकॉर्डिंग करायचं नाही.

वरच्या सुराचं मूळही इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. तो अर्धा तास म्हणजे तुझ्या आईचा रियाज होता. फोनवर दोघींना एका वेळी गाता येत नाही. आवाज पोचायला किंचित उशीर होतो आणि ताल विस्कटतो. म्हणून एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं ऐकायची आणि मग उचलायची, असंच त्या करत असणार. एक ओळ गळा चालतो, एक ओळ त्याला विसावा मिळतो. चांगला शिक्षक नेमकं हेच करून घेतो. वर पेटी नाही, माईक नाही, कुणाला दाखवायचं नाही. त्यामुळं गळा ताणला जात नाही. असा अर्धा तास वर्षानुवर्षं ज्या गळ्यानं केला, त्याला दीड महिना गप्प बसवून थेट स्टुडिओतल्या दिव्यांखाली उभं केलंस, तर सर्वांत आधी वरचे सूर जाणार. बैठक मोडली की तार सप्तक पहिलं रुसतं. खालचे सूर चालतात, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरं कारण पट्टीचं, म्हणजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरला त्याचं. घरी पेटी नसली की माणूस आपल्या गळ्याला बरी वाटेल ती पट्टी आपोआप धरतो. टीव्हीवर आवाज चमकदार लागावा म्हणून ट्रॅक बऱ्याचदा वर ठेवतात. समज, आई घरी पांढरी पाचमध्ये गाते आणि तिथं काळी पाच मिळाली, तर ती तीन पट्ट्या वर गेली. मुखडा निभावतो, अंतऱ्यात गळा आवळतो. त्यातून 52 हे वय. पाळी थांबण्याच्या सुमाराला बऱ्याच बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो. आवाज बिघडला असा त्याचा अर्थ नाही, त्याची जागा बदललेली असते. दहा वर्षांपूर्वीची पट्टी आज तिला जड जाईल.

पट्टी अशी शोधायची. मावशीचा फोन झाल्यावर, गळा तापलेला असताना, भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांना बोलवा. स्पर्धेत गायचं गाणं आईला आधी पेटीशिवाय म्हणू दे आणि काकांनी ती कुठल्या पट्टीत गाते ते हेरावं. मग अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा तीनदा म्हणायला लावा. तिसऱ्यांदाही मानेच्या शिरा ताणल्या नाहीत आणि हनुवटी वर गेली नाही, तर ती तिची पट्टी. ताणल्या, तर एक पट्टी उतरा आणि परत बघा. जे ठरेल ते कागदावर लिही आणि ट्रॅक तयार व्हायच्या आधी वाहिनीच्या संगीत विभागाला कळव. 'आईंना अमुक पट्टी द्या' असं सांगण्यात कसलाही कमीपणा नाही, मोठमोठे गायक सांगतात. तालमीच्या दिवशी सांगितलंस तर वादकांचं सगळं लिहून झालेलं असतं आणि मग 'आता ॲडजस्ट करा' म्हणतात. मागच्या वेळी बहुधा हेच झालं असावं.

साधं बोलतानाही आवाज घोगरा येत असेल आणि त्याला तीन आठवडे झाले असतील, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र बघून घ्या. खडीसाखर-ज्येष्ठमधावर काढत बसू नका. स्टुडिओत तासन्‌तास एसीत बसावं लागतं, तेव्हा कोमट पाण्याची बाटली जवळ ठेव आणि घोट घोट देत राहा. तिथं कुजबुजत बोलायची सवय लागते, ती मोड. कुजबुजण्यानं गळा उलट जास्त शिणतो.

आता तुझा 'अचानक' हा शब्द. तो वाहिनीचा आहे, तुझ्या तोंडी तो यायला नको होता. अशा भागाची मांडणी ठरलेली असते. आधी माणूस लहान करून दाखवायचा: साडी, चप्पल, अवघडलेली चाल, मागं हसणारी पोरं. मग आवाज. आधी जितकं लहान करावं तितका धक्का मोठा.

2009 साली स्कॉटलंडमधल्या ब्लॅकबर्न गावची सुझन बॉईल ब्रिटनच्या टीव्हीवर अशीच उभी राहिली. वय 47. तिच्याकडे बघून डोळे फिरवणारे प्रेक्षक कॅमेऱ्यानं आधी दाखवले, आणि मग ती गायली. 11 एप्रिलला भाग लागला आणि काही दिवसांत जगभर तिचं नाव झालं. पण ती शिक्षकाकडं गाणं शिकलेली होती. 1999 साली एका मदतनिधीच्या सीडीवर तिचं गाणं आलेलं होतं. आकाशातून पडलेली नव्हती ती. पुढचे सात आठवडे तिच्या घरापुढं कॅमेरे होते. तिनं केस नीट केले तरी त्याची बातमी होत होती. 30 मे रोजी अंतिम फेरीत ती दुसरी आली आणि दुसऱ्याच दिवशी पार थकून लंडनमधल्या मानसोपचाराच्या रुग्णालयात दाखल झाली. त्याच नोव्हेंबरात आलेला तिचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणजे आवाज शाबूत होता, त्या सात आठवड्यांनी माणूस दमला होता. पुढं पैसा आला तरी तिनं गाव सोडलं नाही. लहानपणचं सरकारी घर तिनं विकत घेतलं. जुनी गल्ली तिनं हातची जाऊ दिली नाही, हे मला तिच्या सगळ्या गोष्टीत सर्वांत शहाणपणाचं वाटतं. तुझ्या आईची जुनी गल्ली अथणीला आहे आणि तिकडं जायचा रस्ता म्हणजे तो फोन.

मावशीला ही बाई तीस वर्षांपूर्वी कशी गात होती ते ठाऊक आहे. आईला आज 'व्वा' म्हणणारे हजारो आहेत. 'अगं, कालच्या ओळीत तू घाई केलीस' असं सांगणारी एकच आहे.

लाइन अडकते याला उपाय दोनशे-तीनशे रुपयांचा आहे. उद्या तुझ्या नावावर दुसरं सिम घे आणि जुन्या साध्या फोनमध्ये घाल. वाहिनी, पत्रकार, कार्यक्रमवाले, सगळ्यांना तोच नंबर दे आणि तो तू सांभाळ. आईचा नंबर बदलायचा नाही. आधार, बँक, गॅस, बचत गट, सगळं त्यालाच जोडलेलं असणार. तो नंबर बाहेर फिरला आहे म्हणून तिच्या फोनवर एवढं कर: व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी'त जाऊन अनोळखी कॉल गप्प करायची सोय चालू कर, ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनाच घालता येईल असं ठेव, फोटो ओळखीच्यांपुरता कर. मग 'डू नॉट डिस्टर्ब' लावून मावशी, भजनातल्या बायका, शाळेतल्या बाई आणि तू, एवढ्यांनाच त्यातून सूट दे. अर्ध्या तासाचं काम आहे. फोन काढून घेण्यापेक्षा हे सोपं होतं, आणि दीड महिन्यापूर्वीही होतं.

ओटीपीचंही विचारते. दीड महिना तिच्या बँकेचे ओटीपी तुझ्याकडं येत आहेत. तुझ्या मनात काही नसेल. पण तिचं मानधन तिच्या एकटीच्या खात्यात जमा झालं पाहिजे आणि त्याचा मेसेज तिनंच पहिला वाचला पाहिजे. पॅन कार्ड नसेल तर काढा, नाहीतर कर जास्त कापला जातो. बक्षीस मिळालं तर 30 टक्के कर आधीच कापून हातात येतं, म्हणजे लाखाचे सत्तर हजार. ते कळेपर्यंत कुणा पाहुण्याला शब्द देऊ नका. कराराची प्रत घरी नसेल तर मागून घ्या, इंग्रजीत असेल तर वकिलाकडून तिला मराठीत वाचून दाखवा. स्पर्धा संपल्यावर किती महिने बाहेर गाता येणार नाही आणि बाहेरच्या कार्यक्रमाच्या पैशांत वाहिनीचा वाटा किती, एवढं तरी तिला ठाऊक हवं. सही तिची आहे.

तोच करार यूट्यूबवाल्यांपुढं धर. बहुतेक करारांत वाहिनीच्या परवानगीशिवाय मुलाखत द्यायची नाही असं कलम असतं. ते वाचून ठेव आणि सकाळी सातला दार वाजलं की वाहिनीचं पत्र घेऊन या म्हण. निम्मे तिथूनच परत जातील. परवानगी घेऊन येतील त्यांना आठवड्यातून एक दिवस, एक तास, आणि तोही देवळाच्या सभामंडपात. उंबऱ्याच्या आत कॅमेरा नाही. चुलीपुढं तर मुळीच नाही. त्या चुलीपुढं तिला बसवतात ते तिचं गाणं ऐकायला नव्हे, तिची गरिबी दाखवायला. वडिलांबद्दल बोलायचं की नाही हे आईनं ठरवायचं. ती नाही म्हणाली, तर मुलाखत सुरू व्हायच्या आधी तू तसं स्पष्ट सांगायचं आणि प्रश्न आलाच तर उठून माईक काढून घ्यायचा. एकदा काढलास की गावभर कळेल, दुसऱ्यांदा वेळ येणार नाही.

दातांवर लिहिणाऱ्यांना उत्तर देऊ नको. आईला त्यातलं काही वाचून दाखवू नको, चांगलंही नको.

तिला स्पर्धेतून काढू का, असं तू मला विचारतोस. मी कोण काढणारी आणि तू तरी कोण? दहा रात्री ते फोन होऊ देत. अकराव्या दिवशी तिला विचार आणि ती जे म्हणेल ते ऐक. नको म्हणाली तर वाहिनीला त्याच दिवशी कळव, कारण सांगत बसू नको. जाते म्हणाली, तर सोबतीला एका माणसाची परवानगी बहुतेक मिळते. या वेळी ते माणूस तू नव्हेस. मावशीला अथणीहून दोन दिवस आधी बोलावून घे, एसटीचं तिकीट तू काढ आणि दोघींना मिळून मुंबईला जाऊ दे. मेकअपच्या खोलीत आईशेजारी तिची बहीण बसलेली असू दे.

आणि आज सव्वाआठला फोन देताना आईला सांग की 'आई झोपलीय' असं मावशीला रोज कोण सांगत होतं. तिला ठाऊक आहेच. पण सांग, आणि मग मावशीलाही तूच सांग.