आधी फ्लास्कमधल्या पेशी ओळखून घे

नवीन औषध हाती आलंय, ते कॅन्सरच्या पेशींवर चालतं का हे पाहायला लगेच एमटीटी (जिवंत पेशींमुळे जांभळा रंग येतो ती तपासणी) लावायची घाई झालीय, हे समजतं. पण थांब जरा. एमडीए-एमबी-435 या पेशी कित्येक वर्षं स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून वापरल्या गेल्या आणि नंतर त्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, निघाल्या. 1951 साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून मिळालेल्या हेला पेशी तर इतक्या जोमाने वाढतात, की दुसऱ्या फ्लास्कमध्ये चुकून थेंबभर गेल्या तरी मूळच्या पेशींना मागे टाकतात. म्हणून शेजारच्या टेबलावरून पेशी उसन्या घेऊ नकोस. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) संग्रहातून मागव, एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी) करून घे, आणि सुरुवातीलाच या पेशींच्या काही व्हायल्स, म्हणजे छोट्या कुप्या, द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून दे.

मायकोप्लाझ्माची, म्हणजे फ्लास्कमध्ये शिरणाऱ्या अगदी बारीक जिवाणूंची, धास्ती मला आजही आहे. मीडिया (पेशी वाढवायचा द्रव) गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही, आणि पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनचा उपयोग शून्य. माझे चार महिन्यांचे आकडे यात वाया गेले. सगळं फेकताना रडू आलं होतं. दर महिन्याला पीसीआर कर, कंटाळा करू नकोस.

औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवतेस ना? मग तेवढंच नुसतं डीएमएसओ घातलेल्या वेल्स (प्लेटमधले छोटे खळगे) प्रत्येक प्लेटमध्ये हव्यातच. आणि एमटीटीचा जांभळा रंग फिका पडला म्हणजे पेशी मेल्या, असं लगेच लिहू नकोस. कदाचित त्यांची वाढ नुसती थांबली असेल. त्यासाठी अ‍ॅनेक्सिनची (मरणाऱ्या पेशी ओळखणारी) तपासणी वेगळी लाव.