देव दूर निघून गेला, तर मागे राहिलेल्यांना काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: कादंबरीत एक काल्पनिक धर्म आहे. त्याचा देव जग घडवून फार दूर निघून गेलाय आणि भक्तांत तीन तट पडलेत. एक म्हणतो, तो दुरूनही ऐकतो. दुसरा म्हणतो, तो परत येणार. तिसऱ्याच्या मते तो ऐकतही नाही आणि येणारही नाही, त्याने सांगितलेलं पाळायचं, बस. या तिघांना शाखा म्हणावं, पंथ की संप्रदाय? आणि अशा देवाच्या दूर असण्याला मराठीत शब्द आहे का?

'शाखा' आधी बाजूला ठेवा. वेदांच्या बाबतीत तो नेमका शब्द आहे, पण तिथे तो पाठाची परंपरा सांगतो, देवाविषयीचा मतभेद नाही. शिवाय आजच्या वाचकाला बँकेची नाहीतर पक्षाची शाखाच आठवणार.

पंथ आणि संप्रदाय यांची सरमिसळ आपण सर्रास करतो. नाथपंथही म्हणतो, नाथ संप्रदायही. तरी छटा वेगळ्या आहेत. पंथ म्हणजे वाट, आणि वाटेला फाटे फुटतात. संप्रदाय म्हणजे गुरूने शिष्याच्या हाती सोपवलेलं. त्यात परंपरा अखंड असल्याचा दावा असतो. म्हणून निवेदनात 'पंथ' वापरा, पण पात्रांच्या तोंडी फरक ठेवा. तिन्ही तटांतला माणूस स्वतःपुरता 'आमचा संप्रदाय' म्हणेल आणि इतर दोघांना 'फुटलेले' म्हणेल.

पण तुमच्या गोष्टीला याहून जवळचा शब्दसाठा मराठीत आहे, तो महानुभावांचा, म्हणजे चक्रधरस्वामींच्या अनुयायांच्या पंथाचा. त्यांच्या पोटभेदांना 'आम्नाय' म्हणतात. परंपरेने असे तेरा आम्नाय सांगतात. त्यांतले उपाध्ये आणि कवीश्वर हे आजही ठळक आहेत. आणि दूर असण्यासाठी त्यांच्याकडे जो शब्द आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. परमेश्वर अवतार घेऊन समोर असतो ते 'सन्निधान', आणि तो निघून गेल्यावर मागे उरतो तो काळ 'असन्निधान'. महानुभाव ज्यांना परमेश्वराचा अवतार मानतात ते चक्रधरस्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेच्या वाटेने, निघून गेले, तेव्हा त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि इतर भक्त याच असन्निधानात राहिले. त्यांनी धरलेला मार्ग स्मरणाचा. त्यांच्यातल्याच म्हाइंभटांनी स्वामींना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडून आठवणी गोळा केल्या आणि त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं. त्यात एखाद्या प्रसंगाची कुणाला वेगळी आठवण असेल, तर तीही टाकून न देता नोंदलेली सापडते. अशा पाठभेदाला शब्द आहे 'वासना': अमक्याची वासना अशी. आज वासना म्हटलं की वेगळंच डोळ्यांपुढे येतं, पण इथे तिचा अर्थ मनात उरलेला ठसा. तुमचे तीन तट देवाच्या एकाच वाक्याच्या तीन वासनांवरून पडले असं दाखवलंत, तर तो धर्म जिवंत वाटेल.

'निर्गुण', 'अव्यक्त', 'परात्पर' हे शब्द मात्र मोहात पडून वापरू नका. निर्गुण दूर नसतो, तो सगळीकडे असतो.

आता तिघांची नावं. ऐकणाऱ्या देवाच्या भक्तांना 'आवाहनी' म्हणता येईल; आवाहन हा पूजेतला रोजचा शब्द आहे, आणि ज्याला बोलवायचं तो ऐकतो हे त्यात गृहीतच आहे. परत येण्याची वाट पाहणाऱ्यांसाठी गणपतीच्या उत्तरपूजेतलं 'पुनरागमनाय च' हाताशी आहे. निरोप देतानाच परत येण्याची विनंती करायची ही रीत मराठी घरांत इतकी मुरली आहे की 'पुनरागमनी' हे नाव समजावून सांगावं लागणार नाही.

तिसरे अवघड. देव आहे, पण त्याला आपल्याशी देणंघेणं नाही, असं ग्रीसमध्ये एपिक्युरसने मांडलं होतं. त्याचे देव जगांच्या मधल्या पोकळीत सुखाने राहतात. आपल्याकडे 'उदासीन' हा शब्द अगदी बेतल्यासारखा बसतो. उत् अधिक आसीन, म्हणजे वर, अलिप्त बसलेला. गीतेच्या नवव्या अध्यायात कृष्ण स्वतःला 'उदासीनवत्' म्हणतो. पण उदासीन नावाचा खराखुरा पंथ आहे, गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांच्या परंपरेतला, आणि त्याचे आखाडे कुंभमेळ्यात असतात. काल्पनिक धर्माला ते नाव दिलंत तर वाचक तिकडे वळेल. तेव्हा देवाचं वर्णन करताना 'उदासीन' खुशाल वापरा, त्याच्या भक्तांना मात्र 'आज्ञाधारी' म्हणा, कारण त्यांच्याकडे उरली आहे ती फक्त आज्ञा.