‘पडला होता, पण आता ठीक आहे’

न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ, ठाण्यात संध्याकाळचे सात. आजोबांचा मेसेज येतो: ‘खाली खेळताना पडला होता. टेंगूळ आलंय, बर्फ लावला. आता ठीक आहे, काळजी नसावी.’ मुलांना सुट्टीत आजोळी सोडून नोकरीसाठी परत गेलेल्या आईबापांना असा मेसेज येण्याची शक्यता धरूनच चालावं. पावसाळ्यात पोडियमच्या लाद्या शेवाळलेल्या असतात, बागेतला लोखंडी झोका उतरणाऱ्याच्याच डोक्यात परत येऊन बसतो, आणि आख्ख्या विंगची पोरं पार्किंगमध्ये सीझन बॉलनं क्रिकेट खेळतात.

‘ठीक आहे’ हे तुमच्या जिवाला घोर लागू नये म्हणून लिहिलेलं असतं. त्यातून मुलाबद्दल काही कळत नाही. लगेच व्हिडिओ कॉल लावा आणि नेमकं विचारा. किती वाजता पडला? किती उंचीवरून? डोक्याची कोणती बाजू आपटली? लगेच रडला की काही क्षण नुसताच पडून होता? उठल्यावर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता का? पडताना प्रत्यक्ष कोणी पाहिलं, हेही विचारा. आजोबा बहुधा नंतर खाली पोचलेले असतात. खरी हकिगत वॉचमनला किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला ठाऊक असते.

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. मेंदू कवटीच्या आत जोरात हलतो आणि त्याचं काम काही काळ विस्कटतं. त्यासाठी डोकंच आपटायला हवं असं नाही, पाठीवर जोरात पडून मान झटकली तरी पुरतं. बहुतेक मुलं बेशुद्ध होत नाहीत, त्यामुळे ‘शुद्ध गेली नव्हती’ एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. लक्षणं कधी लगेच दिसतात, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. ‘टेंगूळ बाहेर आलं म्हणजे भीती नाही’ ही समजूत घरोघर आहे. टेंगूळ हे कातडीखाली साकळलेलं रक्त. आत मेंदूचं काय चाललंय ते त्यावरून समजत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला डोक्याच्या बाजूला किंवा मागे टेंगूळ आलं, तर उलट तेच डॉक्टरकडे नेण्याचं कारण आहे.

सुट्टीत आलेल्या मुलांच्या बाबतीत एक वेगळीच गोची होते. मूल भर दुपारी पेंगतंय, चिडचिड करतंय, जेवण नको म्हणतंय, एक उलटी झाली, डोकं दुखतंय. आजीला वाटतं जेट लॅग असेल, किंवा काल तलावपाळीवर खाल्लेली भेळ बाधली असेल, नाहीतर उकाड्यानं झालं असेल. हे सगळं खरंही असू शकतं, पण नेमकी हीच कन्कशनची लक्षणं आहेत. मार लागल्यानंतरच्या ४८ तासांत यातलं काहीही नव्यानं सुरू झालं तर आधी डोक्याचा संशय घ्यायचा, पोटाचा नंतर. त्यात भाषेचीही अडचण. ‘आय फील फॉगी’ म्हणणाऱ्या नातवाला आजी कपाळाला हात लावून ताप बघते. मुलाला जाण्याआधी चार मराठी वाक्यं शिकवून ठेवा: गरगरतंय, मळमळतंय, दोन-दोन दिसतंय, उजेड सहन होत नाही. आणि आजीला सांगून ठेवा की ‘वीअर्ड वाटतंय’ म्हणाला तर तुम्हाला फोन करायचा, मग तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असोत.

कॉलवर मुलाशी स्वतः बोला. दुपारी काय खाल्लं, कोणाच्या टीममध्ये होतास, आज वार कोणता, हे विचारा. उत्तर बरोबर येतं का ते पाहाच, पण किती वेळानं येतं ते जास्त पाहा. एरवी पोपटासारखा बोलणारा मुलगा प्रत्येक शब्दाला थांबत असेल तर ते तुमच्याच ध्यानात येईल. आजोबा त्याला वर्षातून एकदा भेटतात. मग आजोबांना मोबाईल धरायला सांगून मुलाला फरशीच्या रेघेवरून मुंगीपावलं टाकायला लावा, टाच पुढच्या पायाच्या अंगठ्याला टेकवत दहा पावलं. झोकांड्या गेल्या तर डॉक्टरकडे न्यायचं. नीट चालला म्हणून मात्र कन्कशन नाही असं ठरत नाही.

पुढचं काही दिसलं तर कॉलवर वेळ न घालवता थेट इस्पितळात: पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, बोबडं बोलणं, हातापायात अशक्तपणा किंवा मुंग्या, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या, हाक मारूनही जाग न येणं, काही क्षणांसाठीसुद्धा गेलेली शुद्ध, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव, कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं होणं. दोन वर्षांवरच्या मुलासाठी साधारण पाच फुटांपेक्षा जास्त उंचीवरून, आणि त्याहून लहानासाठी तीन फुटांवरून पडणं हे स्वतःच गंभीर धरतात. म्हणजे पलंगावरून पडलेलं बाळ बऱ्याचदा सीमेच्या अलीकडे असतं आणि ओट्याजवळच्या उंच खुर्चीवरून पडलेलं पलीकडे. मान दुखत असेल तर मुलाला उचलून रिक्षात घालू नका. आहे तिथेच, हलू न देता ठेवून १०८ ला फोन करा.

कुठे न्यायचं हे त्या संध्याकाळी ठरवायला बसू नका. कोपऱ्यावरचं नर्सिंग होम ताप-खोकल्याला उत्तम, पण रात्री सीटी स्कॅन तिथे होत नसेल तर पुन्हा दुसरीकडे पाठवतात, आणि घोडबंदर रोडवर संध्याकाळी तेवढ्यात तास जातो. मुलं ठाण्यात पोचतील त्याच आठवड्यात आजोबांना दोन ठिकाणी फोन करून विचारायला लावा: सीटी त्याच इमारतीत २४ तास चालू असतं का, न्यूरोसर्जन बोलावल्यावर येतात का, मुलांचा आयसीयू आहे का. उत्तरं फ्रिजवर चिकटवा. त्याच कागदावर मुलाचं वजन किलोत, अ‍ॅलर्जी, पासपोर्टची प्रत, प्रवास विम्याचा क्रमांक, आणि उपचारांसाठी आजी-आजोबांना संमती देणारं तुमच्या सहीचं पत्र. वाहनाच्या धक्क्यानं मार लागला असेल तर इस्पितळ एमएलसी नोंदवतं, म्हणजे पोलिसांना कळवतं. ती नेहमीची रीत आहे. तिला घाबरून ‘घरातच पडला’ असं सांगू नका, कारण मार कसा लागला यावरच डॉक्टर तपासणी ठरवतात.

‘खात्रीसाठी सीटी करूनच टाका’ असा आग्रह परदेशातून फोनवर हमखास धरला जातो. सीटी कवटीचं फ्रॅक्चर आणि आतला रक्तस्राव शोधते. नुसतं कन्कशन तिच्यात दिसत नाही. वाढत्या मेंदूला विनाकारण किरणोत्सर्ग नको, म्हणून धोका कमी असेल तर मार लागल्यापासून चार ते सहा तास नजरेखाली ठेवणं हा रीतसर पर्याय आहे. डॉक्टर ‘बसून राहा, बघू’ म्हणाले म्हणजे टाळाटाळ करतात असं समजू नका. याच्या विरुद्ध चूकही होते: सीटी नॉर्मल आली, चला, उद्या फुटबॉल. तसं अजिबात नाही.

औषधाच्या बाटलीपाशी जरा थांबा, कारण इथे परदेशातून आलेल्या घरात गणित हमखास चुकतं. डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं, दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. अमेरिकेत ५३ पाउंड भरणारा मुलगा म्हणजे २४ किलो, म्हणजे एका वेळी ३६० मिलिग्रॅम. तुम्ही बॅगेत दिलेल्या अमेरिकन सिरपमध्ये ५ मिलीत १६० मिलिग्रॅम असतात, म्हणून सव्वा अकरा मिली. ठाण्यातल्या मेडिकलमधून आणलेल्या बाटलीवर ५ मिलीत १२० लिहिलं असेल तर १५ मिली. २५० लिहिलं असेल तर ७ मिली पुरे. पंधराचं माप डोक्यात ठेवून २५० ची बाटली ओतली, तर एका दमात ७५० मिलिग्रॅम पोटात जातात. डॉक्टरांनी पाहेपर्यंत इबुप्रोफेन नको. घरोघरी असलेल्या कॉम्बिफ्लॅममध्ये ते असतं. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. उलटी थांबवणारं किंवा गुंगी आणणारं सर्दीचं औषध परस्पर देऊ नका, कारण मग उलट्या मोजायच्या कशा आणि झोप कशाची आहे ते ओळखायचं कसं?

‘झोपू देऊ नका’ हा सल्ला शेजारून येणारच. मूल नीट बोलतंय, चालतंय, आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलेलं नाही, तर झोपू द्या. झोपेनं मेंदू सावरतो. पहिली रात्र कोणीतरी मोठ्यानं त्याच खोलीत झोपावं, म्हणजे उलटी किंवा विचित्र घोरणं कानावर येईल.

पहिले एक-दोन दिवस घरात शांतपणे राहायचं. अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायचं नाही: पत्ते, गोष्टी, गॅलरीत फेऱ्या चालतात. मोबाईल-टॅबलेट या ४८ तासांत शक्यतो बंद. मग उपवनला सावकाश फेरी, मग भरभर चालणं, धावणं, एकट्यानं चेंडूचा सराव, आणि डॉक्टरांच्या परवानगीनंतर टीमसोबत सराव, शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. लक्षणं थोडी वाढून तासाभरात ओसरली तर चालतं, त्याहून जास्त झाली तर एक पायरी मागे. सायकल, झोपाळा, येऊरची चढण आणि आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभं राहणं तोवर बंद. (स्कूटरवर पुढे उभं राहणं एरवीही बंदच असावं, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागतं.) दहीहंडीच्या स्पीकरांपासूनही त्याला लांब ठेवा. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर बरं व्हायला फार जास्त वेळ लागतो, क्वचित जिवावरही बेततं. बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत पूर्ववत होतात.

परतीचं विमान मध्येच आलं तर? नुसतं कन्कशन असेल तर प्रवासानं ते बिघडतं असं दिसलेलं नाही, पण पहिले दोन दिवस टाळा आणि डॉक्टरांना विचारून जा. फ्रॅक्चर किंवा आत रक्तस्राव असेल तर लेखी परवानगीशिवाय नाही. गॉगल, कानात घालायचे बोळे, भरपूर पाणी, आणि पडद्यावरचा चौथा सिनेमा नको.

तिकडे पोचल्यावर शाळेला आणि कोचला त्याच दिवशी कळवा. इंग्लंडमधल्या खेळांच्या मार्गदर्शनानुसार २१ दिवसांच्या आत सामना खेळता येत नाही, आणि तेही आधीचे १४ दिवस लक्षणं नसतील तरच. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये खेळातल्या कन्कशनबद्दल २०१८ चा ‘रोवन्स लॉ’ हा कायदा आहे. अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात असा कायदा आहे, त्यांतला पहिला वॉशिंग्टन राज्याचा, २००९ चा. मैदानावर परतण्यासाठी तिथल्याच डॉक्टरची सही मागतील हे गृहीत धरून, ठाण्यातून निघण्याआधीच तिथल्या बालरोगतज्ज्ञाची वेळ घ्या. त्यांना लागेल ते डिस्चार्ज समरी: पडल्याची तारीख-वेळ, कसा पडला, शुद्ध गेली का, उलट्या किती, औषधं कोणती आणि किती. सीटी केली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडीही मागून घ्या; ती आणि विम्यासाठीची मूळ बिलं चेक-इन बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.