कोन मोजण्याआधी शेजारचं हाड धर

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

ओपीडीत गेलीस की हातात गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, येईल आणि आकडे लिहायची घाई होईल. खांदा आणि खुबा या दोन सांध्यांपुरतं तरी एक ऐक: दुसरा हात शेजारच्या हाडावर ठेवल्याशिवाय कोन मोजू नकोस. खांद्याला फरा (पाठीवरचं चपटं हाड), खुब्याला पेल्व्हिस (कंबरेचं हाड). सांधा अडला की ही हाडं त्याच्या वाटची हालचाल करतात आणि पेशंटला ते कळतही नाही.

खांद्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग एका वेळी तिच्यावर टेकतो. डोकं जागेवर ठेवायचं मुख्य काम रोटेटर कफचं, म्हणजे सांध्याभोवतीच्या 4 स्नायूंचं. हात बाजूने उचलताना खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू डोकं वर खेचतो, कफ ते खोबणीत दाबून धरतो. कफ दुखावलेला असला की साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात कळ येते आणि हात त्या टप्प्याच्या वर गेला की ती ओसरते. हात वर नेताना तळवा जमिनीकडे ठेवायला लावू नकोस. दंड बाहेरच्या बाजूला वळला नाही, तर त्याचा उंचवटा फऱ्याच्या वरच्या टोकाला, अक्रोमिअनला, अडतो आणि निरोगी खांदाही कमी भरतो.

हात वर नेण्याच्या पूर्ण 180 अंशांतले सुमारे 120 मूळ सांध्याचे, 60 फऱ्याचे. पहिल्या 30 अंशांत फरा फारसा हलत नाही. म्हणून पेशंटच्या मागे उभी राहा, परवानगी घेऊन पाठ उघडी ठेव आणि फऱ्याच्या खालच्या टोकावर अंगठा ठेव. हात उचलताक्षणी ते टोक बाहेर सरकलं आणि खांदा कानाकडे चढला, तर दिसणारे 90 अंश खरे नाहीत. मग कोपर कुशीला लावून, 90 अंशांत वाकवून कोपरापुढचा हात बाहेर वळव. तू वळवूनही वळत नसेल, तर एक्स-रेत झीज नसताना फ्रोझन शोल्डरचा (खांदा आखडण्याच्या आजाराचा) विचार कर आणि मधुमेहाची चौकशी कर. तुझ्या हाताने पूर्ण वळतो पण पेशंटला स्वतः वळवता येत नाही, तेव्हा कफ फाटलाय का किंवा नस दबलीय का ते बघ.

खुब्याची वाटी खोल, पुढचं लिगामेंट दणकट. तिथे निखळण्याची भीती कमी, फसगत मात्र जास्त. गुडघा वाकवून मांडी पोटाकडे आणली तर साधारण 120 अंश मिळतात. गुडघा सरळ ठेवलास तर मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू त्याच्या बरंच आधी अडवतो. तेव्हा नोंदीत गुडघा कसा होता ते लिहीच. उकिडवं बसताना कंबर गोल होते ना, तिथे खुबा संपून पेल्व्हिस फिरायला लागलेला असतो.

खुब्याची लपलेली आखड दाखवणारी थॉमस टेस्ट तर मन लावून शीक. खुबा वाकलेलाच राहिला असला तरी पेशंट कंबरेत बाक देऊन पाय टेबलावर सपाट टेकवतो. उताणं झोपवून कंबरेखाली तळहात सरकव. चांगल्या बाजूचा गुडघा छातीकडे हळूहळू आणायला सांग. कंबर तुझ्या हातावर टेकली की तिथेच थांबव. दुसरी मांडी टेबलापासून जितकी उचलली गेली, तितकी खुब्याची आखड. गुडघा त्याच्याही पुढे ओढलास तर पेल्व्हिस मागे फिरतो आणि नसलेली आखड दिसते. ही चूक विद्यार्थी फार करतात.

पाय बाजूला नेताना दोन्हीकडच्या पेल्व्हिसच्या पुढच्या टोकांवर बोटं ठेव. टोक हललं की तोच शेवटचा कोन. आणि तक्रार गुडघ्याची असली तरी खुबा आतल्या बाजूला वळवून बघ, लहान मुलांत तर नक्कीच: खुब्याचं दुखणं मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं आणि एक्स-रे भलत्याच सांध्याचा निघतो.