श्रीलंकेचा दक्षिण किनारा: पहिल्यांदा जाणाऱ्या भाच्यासाठी

तुझा प्लॅन बघितला बाळा. पाच दिवसांत अख्खी लंका नको. कँडी, एला पुढच्या खेपेला. गॉल ते तंगाले एवढंच धर.

बेळगावहून रात्रीच्या गाडीनं बेंगळूर, तिथून विमानानं कोलंबो. पुढं टॅक्सीवाल्यांच्या नादी लागू नकोस. कोलंबो फोर्ट स्टेशनवरून गॉलमार्गे जाणारी मातरची ट्रेन घे आणि उजव्या खिडकीला बस. रूळ समुद्राला इतके चिकटून जातात की खारं पाणी तोंडावर येतं.

गॉलला दोन रात्री काढच. किल्ला पोर्तुगीजांनी 1588 मध्ये सुरू केला, डचांनी सतराव्या शतकात वाढवला. आपल्या बेळगावच्या किल्ल्यात लष्कर. तिथं मात्र आत माणसं राहतात, शाळा सुटते, अंगणात कपडे वाळतात. दुपारी फिरू नकोस, दगड तापतात. ऊन कललं की तटावरून दीपस्तंभापर्यंत चालत जा.

कोग्गलाजवळ खांबावर बसून मासे धरणारे दिसतील. आता बहुतेक फोटोसाठीच बसतात, पैसे आधी ठरव.

मिरिस्साला निळे देवमासे बघायचे तर नोव्हेंबर ते एप्रिल. मे पासून तिकडं समुद्र खवळतो. चोर्ला घाटात ज्याला उलटी होते त्यानं बोटीत चढण्याआधी गोळी घ्यावी. म्हणजे तूच.

दोंद्राचा 1890 चा दीपस्तंभ लंकेच्या दक्षिण टोकावर आहे, तासाभरात होतो. आणि बुद्धमूर्तीकडं पाठ करून सेल्फी अजिबात नाही, तिथं ते खपत नाही.